अंजनगिरीच्या पायथ्याचे गाव : अंजनेरी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित केलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेने आपल्या महोत्सवात एखाद्या लहानशा गावाविषयी बोलावयास सांगावे, हे मला विशेष वाटते. अशा प्रसंगी शत्रुंजय, सम्मेदशिखर, श्रवणबेळगोळ यांची महती ऐकण्याची आपणांस सवय आहे. मी मात्र आज आपणांस अशा एका गावी नेणार आहे की जेथे आपल्यापैकी बहुतेकांची गाडी न थांबता पुढे गेलेली असेल. ते गाव म्हणजे नाशिकच्या पश्चिमेस सुमारे २० किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर असलेले अंजनेरी.

प्रथम या गावाची भूमी पाहू. अंजनेरीचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीचा आहे. सह्याद्रीचा हा सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला. एकावर एक पसरलेल्या या थरांमुळेच आपल्याकडील डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे : उभा कडा, त्यावर सपाट पठार, पुन्हा कडा आणि पुन्हा पठार. अंजनेरीही तशीच आहे. पायथ्याशी गाव, गावाच्या वरच्या अंगाला पहिले पठार, त्यावर अंजनीमातेचे मंदिर आणि तलाव, आणि त्याही वर शेवटचा माथा. पठारावर चढणारी वाट कड्यातील एका अरुंद खिंडीतून जाते. त्या वाटेवर खडकात खोदलेले लहानसे जैन लेणे असून तेथे भगवान पार्श्वनाथांची प्रतिमा आहे. वाटसरू दम खाण्यासाठी जेथे घटकाभर थांबतो, नेमकी तीच जागा लेणे खोदणाऱ्यांनी निवडली.

शेजारीच ब्रह्मगिरी उभा आहे. या डोंगररांगेत एका बाजूस गोदावरीचा उगम होतो आणि ती सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून पूर्वसमुद्रास मिळते. दुसऱ्या बाजूस वैतरणा उगम पावते आणि कोकणातून पश्चिमसमुद्रास जाते. म्हणजे दोन समुद्रांकडे जाणारे पाणी येथे एकाच रांगेवर विभागले जाते. पाण्याची जी वाट, तीच बहुधा माणसांचीही वाट असते. कोकणातील सोपारा, कल्याण या बंदरांतून माल घाट चढून वर येई आणि नाशिककडे जाई. त्या प्रवासात घाटमाथ्यावर विसाव्याचे व देवघेवीचे ठिकाण हवेच होते. अंजनेरीचा इतिहास समजून घेण्याची किल्ली या भूगोलात आहे. आज शांत वाटणारे हे गाव एके काळी भरल्या बाजाराच्या प्रदेशात होते.

हे मी कल्पनेने सांगत नाही. अंजनेरीस सापडलेल्या ताम्रपटांचे वाचन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले आणि ते प्रसिद्धही झाले. हे ताम्रपट हरिश्चंद्रवंशीय राजा भोगशक्ती याचे असून त्यांत कलचुरी संवत ४६१, म्हणजे इसवी सन ७१०-११ चा उल्लेख आहे. भोगशक्तीचा आजा स्वामिचंद्र यास बदामीच्या चालुक्य विक्रमादित्याने पुत्राप्रमाणे मानले होते, आणि चौदा हजार गावांचे पुरी-कोकण या घराण्याकडे होते. घाटाखालचा आणि घाटावरचा प्रदेश एका सत्तेखाली असल्याचा हा पुरावा आहे.

या ताम्रपटांतील एक वृत्तांत आपल्यासारख्या व्यापारी समाजाने मुद्दाम ऐकावा असा आहे. समगिरी नावाचे पट्टण आणि चंद्रपुरी ही गावे उद्ध्वस्त झाली होती, ती राजाने पुन्हा वसविली. वसविली म्हणजे तेथे राजवाडा बांधला किंवा सैन्य ठेवले असे नाही. त्याने व्यापाऱ्यांना बोलावले आणि त्यांना सवलती दिल्या. त्यांच्या मालावर राज्यात जकात घेतली जाणार नाही. कोणी निपुत्रिक वारला तरी त्याची मालमत्ता सरकारजमा होणार नाही. राजपुरुषांच्या राहण्या-जेवण्याचा भार त्यांच्यावर पडणार नाही. भांडणतंट्याचा निवाडाही गावातील आठ किंवा सोळा वडीलधाऱ्यांनी विचार करून द्यावा आणि तोच प्रमाण मानावा. तेराशे वर्षांपूर्वी या डोंगररांगांत पंचांना असा अधिकार होता. आज आपल्या विश्वस्तांच्या बैठकीत ठराव मंजूर होतो, तेव्हा ती पद्धत किती जुनी आहे याची जाणीव असावी, म्हणून हे सांगितले.

याच ताम्रपटांत कृष्णराज-रूपक या चांदीच्या नाण्याचा उल्लेख येतो. कलचुरी राजा कृष्णराज सहाव्या शतकात होऊन गेला, पण त्याच्या नावाचे नाणे त्यानंतर दीडशे वर्षांनीही या भागात चालत होते. राजे गेले, घराणी बदलली, तरी बाजाराचा विश्वास त्या नाण्यावर टिकून राहिला. योगायोग असा की, नाणेशास्त्राच्या संशोधनासाठी एक संस्था १९८० साली याच अंजनेरीत स्थापन झाली, आणि तिच्या उभारणीत डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या थोर नाणेतज्ज्ञांचा वाटा होता.

आता आपण आणखी चारशे वर्षे पुढे येऊ. यादवांचा काळ आहे. त्यांची राजधानी आधी सिन्नर, नंतर देवगिरी. अंजनेरी गावाच्या परिसरात आज जी सुमारे सोळा मंदिरे भग्नावस्थेत उभी आहेत, ती प्रामुख्याने बाराव्या-तेराव्या शतकांतील होत, आणि त्यांतील बहुसंख्य मंदिरे जैन आहेत. काही शिवालये व वैष्णव मंदिरेही त्यांच्यालगत आहेत. एकाच गावात, एकाच काळ्या दगडात, बहुधा एकाच परंपरेच्या कारागिरांनी दोन्ही धर्मांची देवालये घडविली. घुमटीचे छत, स्तंभांवरील नक्षी, द्वारशाखा आणि ललाटबिंबावरील तीर्थंकरमूर्ती पाहिल्या की त्या काळच्या श्रावकांची संपन्नता आणि अभिरुची दोन्ही कळून येतात.

यांतील एका जैन मंदिरातील शिलालेख फार मोलाचा आहे. तो शके १०६३, म्हणजे इसवी सन ११४१-४२ चा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे वाचन केले. यादवकुळातील सेउणचंद्र हा त्या वेळी येथील अधिपती होता. आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभ यांच्या मंदिरास बाजारातील तीन दुकाने दान दिल्याची नोंद या लेखात आहे. त्याच वेळी एका धनिक व्यापाऱ्याने आपल्या दोन सोबत्यांसह एक दुकान आणि एक घर याच कार्यासाठी अर्पण केले, असेही तो लेख सांगतो.

या नोंदीकडे जरा लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. इतिहासातील दानपत्रे आपण वाचतो, तेव्हा बहुधा गावे, शेते, बागा, सुवर्ण यांचे दान आढळते. येथे दुकाने दिली आहेत. म्हणजे मंदिराची दिवाबत्ती, पूजाअर्चा, आल्यागेल्या साधू-साध्वींची व्यवस्था हे सर्व बाजाराच्या चलतीवर अवलंबून ठेवलेले होते. देवद्रव्याचा उगम दुकानाच्या गल्ल्यात होता. दाता राज्यकर्ता होता तसा नगरातील व्यापारीही होता. राजाच्या दानाशेजारी व्यापाऱ्याचे दान त्याच शिळेवर, त्याच अक्षरांत कोरले गेले.

चंद्रप्रभांचे नाव येथे यावे, यालाही संदर्भ आहे. चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरींनी रचलेल्या विविधतीर्थकल्पात नाशिकवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याचा केंद्रबिंदू तेथील चंद्रप्रभांचे तीर्थच आहे. यादवकुळाचा मूळ पुरुष दृढप्रहार याची जन्मकथाही जैन परंपरेने याच तीर्थाशी जोडली आहे. नाशिक व अंजनेरी या दोन ठिकाणी एकाच तीर्थंकरांची उपासना व्हावी, हे त्या काळी या मार्गावरील श्रावकसमाजात असलेल्या दळणवळणास साजेसेच आहे. नाशिकजवळचे गजपंथ, बागलाणातील मांगी-तुंगी, मनमाडजवळील अणकाई-टणकाईची लेणी, चांदवडचे लेणे ही सर्व स्थळे नकाशावर मांडून पाहावीत. म्हणजे डोंगरांच्या आधाराने पसरलेली श्रमणसंस्कृतीची एक माळच डोळ्यांसमोर उभी राहते. अंजनेरी हा त्या माळेचा एक मणी आहे.

गावाच्या नावाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. अंजनीमातेने येथे हनुमंतास जन्म दिला, अशी स्थानिक जनतेची दृढ श्रद्धा आहे आणि हनुमान जयंतीस येथे मोठा समुदाय जमतो. आपल्या परंपरेतही अंजना ही परमवंदनीय सती आहे. विमलसूरींच्या पउमचरियात आणि सातव्या शतकातील रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात तिची कथा विस्ताराने आली आहे. पती पवनंजयाने बावीस वर्षे तिची उपेक्षा केली. पुढे मिलन झाले, पण ते गुप्त राहिल्यामुळे सासूने तिला कलंकिनी ठरवून घराबाहेर काढले, आणि माहेरचे दारही बंद झाले. तेव्हा पर्वतातील गुहेने तिला आश्रय दिला आणि तेथेच पुत्रजन्म झाला. मामाच्या विमानातून बालक शिळेवर पडले, तेव्हा बालकास काही इजा झाली नाही, शिळा मात्र फुटली. मामाच्या हनुरुह नगरावरून त्याचे नाव हनुमान पडले. दिगंबर परंपरेतील निर्वाणकांडात हनुमंताचे मोक्षस्थान तुंगीगिरी सांगितले आहे, आणि तो डोंगर याच नाशिक जिल्ह्यात आहे. पुराणातील गुहा म्हणजे अंजनेरीचीच गुहा, असा आग्रह मी धरणार नाही. एवढे मात्र म्हणेन की, या डोंगराचे नाव उच्चारताना जैन व वैदिक अशा दोन्ही परंपरांच्या माणसाला एकाच मातेचे दुःख आणि एकाच मातेचे धैर्य आठवते. असे स्थान वादाचे कारण न होता जोडणारा दुवा व्हावे.

पुढील काळात यादवांची सत्ता लयास गेली. देवगिरीवर १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली आणि नंतरच्या वीस-बावीस वर्षांत ते राज्य संपले. राजधान्या बदलल्या की हमरस्ते बदलतात, आणि हमरस्ते बदलले की बाजार उठतात. अंजनेरीचे महत्त्व उतरणीला लागले. अठराव्या शतकात रघुनाथराव पेशवे नाशिकजवळ आनंदवल्लीस राहत असता त्यांनी अंजनेरीस उन्हाळ्यातील निवासस्थान केले. पुढे इंग्रज अधिकारीही एप्रिल-मे महिन्यांत थंड हवेसाठी येथे येत आणि त्यांनी बंगले बांधले. परंतु हवा खाण्यास येणारे पाहुणे बाजार उभा करीत नाहीत. ते पावसापूर्वी परत जातात.

मंदिरे कशी ढासळतात, हेही समजून घेण्याजोगे आहे. ही मंदिरे चुन्यावाचून, दगडावर दगड अचूक बसवून बांधलेली आहेत. त्यांचे बळ वजनाच्या तोलात आहे. पूजा चालू असते तोवर शिखरावर उगवलेले पिंपळाचे रोपटे कोणी तरी वेळीच उपटते. पागोळीचे पाणी कोठे मुरते आहे, हे कोणाच्या तरी लक्षात येते. वस्ती उठली की ते रोपटे वाढते, मुळे सांध्यांत शिरतात आणि दरवर्षीच्या पावसात एकेक सांधा सैल होतो. शेवटी एखाद्या श्रावणात छताची शिळा खाली येते. आक्रमणांची चर्चा आपण नेहमी करतो. उपेक्षेची चर्चा फारशी करीत नाही, कारण तिचा आरोप कोणा परक्यावर करता येत नाही.

आजचे अंजनेरी हे भात, नागली, वरई पिकविणारे, डोंगरउतारावरच्या शेतीचे गाव आहे. परिसरात आदिवासी बांधवांची वस्ती मोठी आहे. पावसाळ्यात कड्यांवरून प्रपात कोसळतात, मात्र हे सारे पाणी उतारावरून वाहून जाते. या डोंगराचे आणखी एक धन आहे. कंदिलाच्या आकाराची फुले देणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील एक प्रजाती येथे आढळली आणि २००६ साली शास्त्रज्ञांनी तिला या डोंगराचेच नाव दिले. ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. येथील कड्यांत गिधाडांचीही घरटी आहेत. या कारणांनी २०१७ साली सुमारे ५.६९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. तरीही डोंगरावर मोटाररस्ता न्यावा, रज्जुमार्ग बांधावा, असे प्रस्ताव गेल्या काही वर्षांत पुढे आले आणि निसर्गप्रेमींनी त्यांस विरोध केला. वृद्ध व अपंग भाविकांना दर्शन घडावे, ही इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु अहिंसा हे ज्यांचे पहिले व्रत, त्यांनी कड्यावरच्या पक्ष्याचा आणि खडकातल्या मूठभर रोपांचा विचार या प्रश्नात आधी केला पाहिजे. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची गणना करणाऱ्या धर्मास हे निराळे सांगावयास नको.

बंधू-भगिनींनो, आता मूळ मुद्द्याकडे येतो. अंजनेरीच्या चंद्रप्रभ मंदिरास दान कमी पडले होते काय? राजाचे दान होते, व्यापाऱ्यांचे दान होते, लेख दगडात कोरलेला होता. आजही तो लेख आहे, मात्र त्यात उल्लेखिलेली दुकाने नाहीत आणि त्या दुकानांत बसणारी माणसेही नाहीत. मंदिर दगडाने उभे राहते, पण टिकते ते वस्तीने. भोगशक्तीने हे ओळखले होते, म्हणून उजाड पट्टण वसविताना त्याने माणसांच्या निर्वाहाची सोय आधी केली.

ही गोष्ट आठशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही. आपल्या डोळ्यांदेखत तीच घडत आहे. तालुक्याच्या आणि बाजारपेठांच्या कितीतरी गावांत वाडवडिलांनी बांधलेली मंदिरे आहेत. एके काळी तेथे वीस-पंचवीस घरे होती, पाठशाळा होती, चातुर्मास होत. मुले शिक्षणासाठी नाशिक-पुण्यास गेली, व्यवसायासाठी मुंबईस गेली, काही परदेशी गेली. कोठे दोन घरे उरली, कोठे एकही नाही. पगारी पुजारी सकाळी दार उघडतो, पक्षाल-पूजा करतो आणि दार लावतो. वर्धापनदिनी ध्वजा चढविण्यासाठी बस भरून माणसे येतात आणि संध्याकाळी परततात. ठेवींवरील व्याज नियमित येते, हिशेबतपासणीही होते, सर्व कसे व्यवस्थित आहे. अंजनेरीतही पहिली काही वर्षे सर्व व्यवस्थित असेल.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात या संस्थेने काय करावे, याविषयी दोन-तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना अंजनेरीविषयी. तेथील मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. कायद्याप्रमाणे संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरवर निर्बंध आहेत. तेव्हा जीर्णोद्धाराच्या उत्साहाने संगमरवर घेऊन तेथे जाण्याचे कारण नाही, आणि ते योग्यही नाही. सेउणचंद्राच्या काळचा दगड तसाच राहू द्यावा. मात्र सनदशीर मार्ग मोकळे आहेत. १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीतून विशिष्ट वास्तूसाठी देणगी देता येते. वारसास्थळी अभ्यागतांच्या सोयी करण्यासाठी दत्तक योजनाही आहे, आणि तिचे नवे रूप २०२३ साली जाहीर झाले. आपल्याकडे नवीन मंदिरापेक्षा जुन्याच्या रक्षणाचे पुण्य आठपट मानतात. त्या पुण्याची पावती संस्थेच्या नावाने फाडली नाही, तरी ते पुण्यच राहते.

दुसरी सूचना तेथील गावकऱ्यांविषयी. आज त्या मंदिरांचे खरे शेजारी अंजनेरीचे शेतकरी व आदिवासी बांधव आहेत. त्यांच्या मुलांना या शिल्पांची माहिती मिळावी, आल्यागेल्यास ती सांगताना त्यांना चार पैसे मिळावेत, शाळेस पुस्तके आणि उन्हाळ्यात वस्तीस पाणी मिळावे, यासाठी महोत्सवाच्या निधीतील काही भाग वेगळा काढावा. ज्याच्या दारात मंदिर आहे, त्याला ते आपले वाटले तरच ते सुरक्षित राहील.

तिसरी सूचना आपल्याविषयी. संस्थेच्या कार्यक्षेत्रातील ज्या ज्या गावी मंदिर आहे आणि वस्ती विरळ झाली आहे, त्यांची यादी या वर्षी करावी. मूर्ती, शिलालेख, हस्तलिखिते, जुन्या हिशेबाच्या वह्या यांची छायाचित्रांसह नोंद करावी. आणि शक्य तेथे एखाद्या होतकरू कुटुंबाला दुकानासाठी भांडवल, राहण्यास घर आणि मुलांच्या शिक्षणास साहाय्य देऊन त्या गावी स्थिर करावे. त्या शिलालेखातील व्यापाऱ्याने दिलेले एक दुकान आणि एक घर आठवा. मंदिरासाठी दान कशा रूपाने द्यावे, हे तो सांगून गेला आहे. त्याने ते मंदिरास दिले. आपण ते मंदिराजवळ राहणाऱ्या माणसास देऊ.

पुढच्या वेळी आपण त्र्यंबकच्या रस्त्याने जाल, तेव्हा अंजनेरीच्या फाट्यावर गाडी अवश्य थांबवा. मुलांना बरोबर न्या. त्यांना त्या ललाटबिंबावरील तीर्थंकर दाखवा, आणि येथे एके काळी आपल्यासारखीच माणसे दुकाने चालवीत होती हेही सांगा. आणखी पन्नास वर्षांनी ही संस्था शताब्दी साजरी करील. त्या दिवशी आपल्या परिसरातील एकाही मंदिराविषयी "येथे पूर्वी जैन वस्ती होती" असे कोणा अभ्यासकाला लिहावे लागू नये, एवढी सद्बुद्धी व सामर्थ्य आपणां सर्वांना लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.